पहिला कोण आला?

दिवसभरात २०० किलोमीटर सायकल चालवून माणूस घरी परतला की सोसायटीच्या वॉचमनपासून सासुरवाडीच्या फोनपर्यंत सगळीकडून एकच प्रश्न येतो: ‘मग, कितवा आलास?’ ‘कितवाच नाही, तिथे नंबर नसतात,’ असं सांगितलं की समोरचा समंजसपणे विषय बदलतो. बिचारा शेवटचा आला असणार!

बीआरएम या नावानं पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडे दर हिवाळ्यात ज्या लांब पल्ल्याच्या राइड होतात, त्यांच्याबद्दलचा हा पहिला आणि सर्वांत चिवट गैरसमज. ‘ब्रेव्हे दे रँदोनर मोंदिओ’ हे बीआरएमचं पूर्ण फ्रेंच नाव. ते कोणी घेत नाही, आणि घेतलंच तर उच्चारावरून वाद होतो. नियम पॅरिसच्या ‘ऑडॅक्स क्लब पॅरिसियन’चे. हा क्लब १९०४ सालचा. भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स’ ही संस्था त्याच्या वतीनं काम पाहते आणि प्रत्यक्ष राइड गावोगावचे क्लब घेतात. नियमांचा गाभा असा: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वेळेत पोचलात तर ‘फिनिशर’, नाही तर नाही. सहा तासांचं अंतर राखून आलेल्या दोघांना पदक एकच मिळतं. एका हंगामात हे चारही टप्पे केले की ‘सुपर रँडोनर’ हा किताब, आणि त्यालाही क्रमांक नसतो.

गंमत म्हणजे इथे फार लवकर येणंही चालत नाही. वाटेतल्या प्रत्येक तपासणी नाक्याला, म्हणजे कंट्रोलला, बंद होण्याची वेळ असते तशी उघडण्याचीही असते. २०० किलोमीटरचा शेवटचा कंट्रोल सुरुवातीनंतर ५ तास ५३ मिनिटांनी उघडतो. त्याआधी पोचलेल्या वाऱ्यासारख्या वीराला दारात ताटकळत बसावं लागतं. शर्यत असती तर असा नियम कोणी केला असता का?

बीआरएमला शर्यत समजण्याचा हा घोळ व्हायला वर्तमानपत्रांचाही हातभार आहे. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघानं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर. ती खरोखरच शर्यत आहे. तिथे क्रमांक असतात, आणि मागे गाडी, गाडीत खाणं-पिणं-औषध सांभाळणारी माणसं असतात. बातमीत मात्र दोन्हींना ‘सायकल स्पर्धा’ म्हणतात. बीआरएममध्ये नेमकं उलटं आहे. मागून गाडी आणायला सक्त मनाई. घरच्यांना यायचं असेल तर त्यांनी कंट्रोलवरच भेटायचं. दोन कंट्रोलच्या मधे कोणी बिसलेरीची बाटली हातात दिली तरी आयोजक तुम्हाला बाद करू शकतात. टपरीवर स्वतःच्या पैशानं वाटेल ते घ्या, दुसऱ्या सायकलस्वाराकडून ट्यूब मागून घ्या, त्याला हरकत नाही. ‘काळजी नको, आम्ही मागे आहोत’ म्हणणारे प्रेमळ मेहुणे इथे घातक ठरतात.

दुसरा समज पैशाचा. ‘दीड लाखाची सायकल असल्याशिवाय त्यात पडू नये.’ नियमाला फक्त एवढंच हवं असतं की सायकल माणसाच्या ताकदीवर चालली पाहिजे. म्हणजे इलेक्ट्रिक बाद. हायब्रिड, एमटीबी, एकाच गिअरची, दोघांनी मिळून चालवायची टँडम, यांतलं काहीही चालतं. कार्बनच्या सायकलीनं वेग वाढत नाही असं नाही, पण किती वाढतो याचा हिशेब कोणी मांडत नाही. तुमचं वजन ७५ किलो. एक सायकल ८ किलोची, दुसरी १२ किलोची. म्हणजे चढावर चढवायचं एकूण वजन ८३ किंवा ८७ किलो. फरक पाच टक्क्यांहून कमी, आणि तोही चढावरच जाणवणारा. पसरणी घाटात तो कळेल. सपाटीवर वजनाला फारसं कोणी विचारत नाही, तिथे खरा शत्रू वारा असतो. वेग वाढतो तसा हवेला तोडण्यासाठी लागणारी ताकद त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते: पंचविसाच्या वेगावरून तिसावर जायचं तर हवेपायी लागणारी ताकद सुमारे पावणेदोन पट. म्हणजे पैसे घालून वेग विकत घेण्यापेक्षा कोपर वाकवून थोडं खाली झुकणं स्वस्त. जे खर्चावंच असं माझं मत आहे ते टायर, दिवे आणि सायकलचं माप अंगाला बरोबर बसवून घेणं यांवर. आणि टायर दगडासारखे कडक फुगवू नका. आपल्या रस्त्यांवर जरा रुंद, बेताच्या हवेचा टायर अंगाला कमी हादरे देतो आणि बहुतेक वेळा हळूही पडत नाही.

दिव्यांवरून आठवलं. ‘२०० तर दिवसाचीच राइड, दिवे कशाला?’ असं म्हणणारे प्रत्येक हंगामात भेटतात. सकाळी सहाला सुटलात तर तुमची मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटचा दीड तास काळोखाचा आहे, आणि शहराजवळची सगळ्यांत वाईट वाहतूक नेमकी तेव्हाच असते. पुढचा-मागचा दिवा सायकलला पक्का बसवलेला हवा, अंगावर प्रकाश परतवणारं जाकीट हवं. हेल्मेट आपल्याकडे सक्तीचंच आहे.

आता मुख्य गोष्ट. वेळेबाहेर जाणारे बहुतेक लोक पायांनी हरतात, असं बाहेरून वाटतं. हिशेब करून पाहा. एकजण ताशी २४ नं दामटतो. त्याचा प्रत्यक्ष सायकलवरचा वेळ ८ तास २० मिनिटं. नाश्त्याला मिसळ, मग चहा, मग पंक्चर, मग ‘जरा पाठ टेकतो’, मग जेवण, मग पुन्हा चहा आणि सेल्फी असे सव्वापाच तास त्यानं थांबण्यात घालवले. एकूण १३ तास ३५ मिनिटं: पाच मिनिटांनी बाद. दुसरी बाई ताशी १८ नं चालवते. तिला ११ तास ७ मिनिटं लागतात. थांबण्यात दोन तास. एकूण १३ तास ७ मिनिटं, आणि ती फिनिशर. मुदत ठरवताना नियमानं सरासरी वेग ताशी १५ धरलाय, तो सगळे थांबे धरून. म्हणून अनुभवी मंडळी वेगाबद्दल कमी आणि थांब्यांबद्दल जास्त बोलतात. कंट्रोलवर उतरलात की आधी ब्रेव्हे कार्डावर शिक्का, मग बाटल्या, मग खाणं, या क्रमात एक शहाणपण आहे. पंक्चरला, रेल्वेच्या फाटकाला, चुकलेल्या वळणाला घड्याळ थांबत नाही. शंभराव्या किलोमीटरचा कंट्रोल ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. तुमचं कारण कितीही पटण्यासारखं असो.

यातूनच ‘हे काम तरुण पोरांचं’ या समजाला उत्तर मिळतं. वयाला वरची मर्यादा नाही. स्त्रियांना वेगळी मुदत नाही, लागतही नाही. पंचविशीतली मुलं पहिले साठ किलोमीटर एकमेकांना खुन्नस देत उडवतात आणि दुपारी एखाद्या पुलाखाली सावलीत बसलेली सापडतात. पन्नाशीतला बँकेचा निवृत्त अधिकारी मधल्या गिअरमध्ये एकाच तालात पुढे जातो. हे काही वयाचं श्रेष्ठत्व नाही, एकसारख्या लयीची सवय आहे. मात्र चाळिशी ओलांडली असेल आणि आजवर फक्त भाजी आणायला सायकल काढली असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीतल्या दुखण्याला ‘गॅस’ म्हणण्याची आपली जी सवय आहे, ती या रस्त्यावर महाग पडते.

खाण्याच्या बाबतीत तर दोन परस्परविरोधी समज एकत्र नांदतात. एक: निघण्याआधी भरपेट खाल्लं की झालं. दोन: चरबी जाळायची असेल तर कमी खावं. शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, दमदार वेगानं चालवत राहिलात तर दोन-तीन तासांत तळाला जातो. मग येते ती अवस्था ज्यांनी भोगली त्यांनाच कळते. पाय चालतात, पण मन ‘कशासाठी?’ असं विचारू लागतं, एरवी जो चढ दिसलाही नसता तो डोंगर होतो. चरबी भरपूर असली तरी ती सावकाश जळते, तिच्या भरवशावर वेग राखता येत नाही. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जात राहायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. त्यासाठी परदेशी जेलच हवं असं नाही. केळी, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, गूळपोळी, खजूर खिशात बसतात. मोठ्या थांब्यावर खिचडी किंवा दहीभात उत्तम. तेलकट तर्रीची मिसळ राइड संपल्यावर खावी. पोट तेलाशी झगडत असतं तेव्हा रक्त पायांकडे पुरेसं जात नाही, आणि दोन्ही आघाड्यांवर पीछेहाट होते.

‘पाणी जितकं जास्त तितकं चांगलं’ हा त्याहून धोक्याचा समज. लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसत राहिलं आणि घामातून मीठ जात राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, आणि सोबती आणखी पाणी पाजतात! तहानेप्रमाणे प्यावं, अधूनमधून ओआरएस घ्यावं. एप्रिल-मेच्या उन्हात तर हे नेमानं करावं.

गुडघे झिजतात म्हणून घाबरणाऱ्यांना एवढंच सांगतो की सायकलवर अंगाचं बहुतेक वजन सीट पेलतं, गुडघे नाही. म्हणून तर कित्येक डॉक्टर धावण्याऐवजी सायकल सुचवतात. दुखतात ते सीट फार खाली ठेवल्यामुळे आणि जड गिअरमध्ये जोर लावत चढल्यामुळे. सीट उंच करा, गिअर हलका करा, पायडल भरभर फिरू द्या. मऊ जेलची उशीसारखी सीट पहिल्या दहा किलोमीटरला सुखाची वाटते. नंतर बसायची हाडं तिच्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. बधिरपणा आला तर सोसत बसू नये. सीट बदलायची किंवा कोन बदलायचा ही सूचना आहे. पॅडच्या चड्डीखाली आतली चड्डी घालायची नसते. हे सांगताना दुकानदारही लाजतो, म्हणून इथे छापून टाकलेलं बरं.

४०० आणि ६०० ला प्रश्न रात्रीचा येतो. ‘चहा पीत पीत काढू रात्र.’ पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही खाली असतात. चहा-कॉफीतलं कॅफीन अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मोठ्यानं लावलेली गाणी झोप घालवत नाहीत, लपवतात. काही सेकंदांची डुलकी उघड्या डोळ्यांनीही लागते. हायवेवर मागून उसाचा ट्रॅक्टर येत असताना ती परवडणारी नाही. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात पंधरा-वीस मिनिटं आडवं होणं यात कमीपणा नाही. आधी कॉफी पिऊन मग झोपणारे तर दोन्हींचा फायदा घेतात. ६०० ला ताशी २० नं चालवलं तर तीस तास सायकलवर जातात, दहा उरतात. त्यातले तीन झोपेचे आधीच राखून ठेवा, मग बाकीचं आखा.

या सगळ्या गणिताचं मूळ पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये आहे. १८९१ साली सुमारे १,२०० किलोमीटरचं हे अंतर शार्ल तेराँनं जवळजवळ न झोपता ७१ तास २२ मिनिटांत कापून पहिला क्रमांक मिळवला. तेव्हा ती शर्यतच होती. आता ती दर चार वर्षांनी हौशी रँडोनरांसाठी होते, कमाल मुदत ९० तास. तिथे जाण्यासाठी त्याच हंगामात सुपर रँडोनर व्हावं लागतं. इथून जाणारे उन्हाळ्याचे दिवस म्हणून निर्धास्त असतात. ब्रिटनी भागातल्या ऑगस्टच्या रात्री बोचऱ्या थंड असू शकतात, आणि रस्ता सपाट तर जवळजवळ नाहीच. खंबाटकीसारखा एक मोठा घाट चढून सुटका होत नाही. लहान-लहान चढउतार तीन-चार दिवस संपत नाहीत.

राहिला ‘डीएनएफ’. राइड अर्ध्यात सोडणाऱ्याच्या नावापुढे ही तीन अक्षरं येतात आणि लोक ती कलंकासारखी वागवतात. पदकाचं काही बिघडत नाही. पुढच्या महिन्यात तोच टप्पा पुन्हा लागतो. सोडण्याची कारणं पाहिली तर चक्कर, डोळ्यावरची झोप, न वाजणारा गुडघा अचानक वाजू लागणं, ही सगळी शहाण्या माणसाची कारणं आहेत. फक्त एक करायचं असतं आणि नेमकं तेच विसरलं जातं. टेम्पोत सायकल टाकण्याआधी आयोजकांना फोन करा. तुम्ही घरी गाढ झोपलेले असता, आणि चार स्वयंसेवक रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन घाटातल्या कडेच्या गटारात तुम्हाला शोधत असतात.