पुसण्याआधी थांबू या

शेजारच्या घरात एखादी बाई अचानक गेली, अंगावर जखमा दिसल्या, तर आम्ही बायका काय करतो? धावत जातो. रक्त पुसतो, लुगडं बदलतो, जमीन सारवून घेतो. मायेनं करतो, रीत म्हणून करतो. पण त्यात खुन्याच्या खुणाही पुसल्या जातात. म्हणून आज एका खऱ्या घटनेबद्दल बोलू.

साल 1888. लंडनमध्ये व्हाइटचॅपल नावाची गरीब वस्ती होती. तिथं दहा आठवड्यांत पाच बायकांचे खून झाले. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली. पहिल्या दोघींकडे रात्रीच्या खाटेचे चार पेन्सही नव्हते, म्हणून त्या रात्री रस्त्यावर होत्या.

खुनी आजवर सापडला नाही. 'जॅक द रिपर' हे काही त्याचं खरं नाव नाही. एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्राखाली ते लिहिलेलं होतं, आणि ते पत्र कुणा बातमीदारानंच लिहिलं असावं, असं काही पोलिसांचं मत होतं.

तेव्हा तपासाची साधनंही तोकडी होती. बोटांच्या ठशांचं कार्यालय कोलकात्यात 1897 साली निघालं. लंडनच्या पोलिसांनी ती पद्धत 1901 साली घेतली. मग उरल्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा. त्याही गेल्या. मेरी ॲनच्या खुनानंतर रस्त्यावरचं रक्त पाण्यानं धुतलं. शवागारातल्या मदतनिसांनी शवविच्छेदनाआधीच तिचं अंग धुतलं. कॅथरीनच्या ॲप्रनचा रक्ताळलेला तुकडा जिथं सापडला, तिथं भिंतीवर खडूनं काही लिहिलेलं होतं. ते वाचून लोक ज्यू वस्तीवर चालून जातील, या भीतीनं पोलिसांच्या मुख्य अधिकाऱ्यानं फोटो काढण्याआधीच ते पुसायला लावलं.

हे सगळं राहिलं असतं तर खुनी सापडलाच असता, असं आम्ही म्हणत नाही. पण जे पुसलं, ते पुन्हा कुणालाच तपासता आलं नाही.

मग आपण काय करायचं? जीव असेल तर आधी दवाखाना. तिथं कशाचीही वाट बघायची नाही. जीव गेला असेल तर 112 ला फोन करायचा. दार ओढून घ्यायचं, गर्दी बाहेर ठेवायची. कपडे, भांडी, दोर, बाटली, चिठ्ठी, कशालाच हात लावायचा नाही. पंचनामा झाल्याशिवाय अंघोळ नाही, अंत्यविधी नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सुनेनं जीव दिला किंवा तिच्या मरणात घातपाताचा संशय असला, तर शवविच्छेदन करण्याची कायद्यात तरतूद आहे. 'घरातली गोष्ट घरात' म्हणणाऱ्यांना हे सांगायचं.

आणि अंदाजानं कुणाचं नाव घ्यायचं नाही. व्हाइटचॅपलमध्ये अफवेवरून एका चांभाराला धरलं. तो निर्दोष निघाला.

सारवण दुसऱ्या दिवशीही करता येतं. गेलेल्या बाईसाठी तेवढी कळ आपण काढू या.