सोमालिलँड: सीमा जुनी, मान्यता दूर
26 जून 1960 रोजी ब्रिटिशांच्या ताब्यातला सोमालिलँड स्वतंत्र झाला आणि 1 जुलैला, पाचच दिवसांत, इटलीच्या अमलातून सुटलेल्या सोमालियात स्वखुशीने विलीन झाला. हे पाच दिवस विसरले, तर त्याची मागणी निव्वळ फुटीरपणाची वाटते. 1988 मध्ये सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारेंच्या लष्कराने हर्गेसा, म्हणजे सोमालिलँडची आजची राजधानी, बेचिराख केली. 1991 मध्ये सोमालिलँडने विलीनीकरण मोडलं. तेव्हापासून तिथे स्वतंत्र कारभार उभा राहिला. 2003 ची अध्यक्षीय निवडणूक अवघ्या 80 मतांनी ठरली आणि पराभूत उमेदवाराने अखेर निकाल स्वीकारला. तरीही बहुतेक देशांच्या लेखी हा सोमालियाचाच भाग आहे.

याला मान्यता दिली तर आफ्रिकाभर सीमा उसवतील, असा आक्षेप घेतला जातो. पण आफ्रिकी देशांच्या 1964 च्या कैरो ठरावाने स्वातंत्र्यावेळच्या सीमाच ग्राह्य धरल्या, आणि सोमालिलँड नेमक्या त्याच मागतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पूर्वेकडच्या लासअनोदमधल्या अनेकांना हर्गेसाची सत्ताच नको; 2023 मध्ये तिथे लढाई पेटली. जुना नकाशा या लोकांची संमती मिळवून देणार नाही. त्यासाठी हर्गेसाला त्यांच्याशी बोलावंच लागेल. मात्र तेवढ्यावरून तीन दशकांचं लोकशाहीचं काम बेदखल करणं मला अन्यायाचं वाटतं.