पोटात दुखते, म्हणजे नेमके कोठे?



मी वैद्य नव्हे. भाषा शिकविणे हा माझा व्यवसाय. तेव्हा पोटाच्या विकारांवर मी औषधे सांगणार नाही, त्या विकारांच्या नावांविषयी बोलणार आहे. नावांत काय आहे, असे आपण सहज म्हणतो. पण दवाखान्याच्या पायरीवर रोग्याजवळ नावाखेरीज दुसरे असते तरी काय? त्याच्या पहिल्या वाक्यावरून डॉक्टर पुढचा प्रश्न विचारतात. ते वाक्यच संदिग्ध असले, तर सारा तपास आडवाटेला लागण्याचा संभव असतो.

सिरोंचा तालुक्यात तर ही गोष्ट फारच महत्त्वाची आहे. प्राणहितेच्या काठचे हे गाव. पलीकडच्या तीरावर तेलंगण. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आसपासच्या जंगलपट्टीत गोंडी आणि माडिया. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर दूर. इतक्या लांब रोगी न्यायचा की नाही, हे घरातल्या माणसांना पुष्कळदा चार शब्दांवरून ठरवावे लागते. ते शब्द नीट पारखून घेतलेले बरे.

प्रथम ‘पोट’ हाच शब्द घ्या. मराठीत पोट म्हणजे बरगड्यांखालचा सगळा भाग. अन्न पडते ते पोटात, आणि मूल वाढते तेही पोटातच. ‘पोटची पोर’ असे आपण म्हणतोच की! म्हणून बाई ‘पोट दुखतं’ म्हणाली, तर ते दुखणे जठराचे, आतड्याचे की गर्भाशयाचे, हे त्या शब्दावरून कळत नाही. शास्त्राने या एका पोटाची निरनिराळी घरे पाडली आहेत. तोंडातून घास उतरतो तो अन्ननलिकेत. ही सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची नळी. पुढे जठर, म्हणजे अन्न घुसळणारी पिशवी. मग सुमारे 6 मीटर लांबीचे लहान आतडे, त्यानंतर सुमारे दीड मीटरचे मोठे आतडे, आणि शेवटी गुदाशय. लहान आतडे जेथे मोठ्याला मिळते, त्याच्याजवळ उजव्या अंगाला एक बारीक शेपटी लोंबते, ती आंत्रपुच्छ. बाजूला बसून पाचकरस पुरविणारी दोन इंद्रिये, यकृत आणि स्वादुपिंड.

आता यकृताचीच गंमत पाहा. मराठी माणसाचे काळीज धडधडते, कोणाच्या काळजाला घरे पडतात. म्हणजे काळीज हे आपण हृदयच समजतो. पण तेलुगूत ‘कालेयम्’ म्हणजे यकृत. दोन्ही शब्द एकाच संस्कृत ‘कालेया’चे, आणि त्याचा मूळ अर्थ यकृत हाच. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की दुकानदार यकृतच देतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी स्वतःच्या शरीराविषयी बोलताना आपण ते विसरतो. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांना, एकाला मराठी अर्थाने व दुसऱ्याला तेलुगू अर्थाने, हा शब्द समजत असेल, तर गुरुजींनी थांबून खुलासा करायला नको का?

याहून धोक्याचा शब्द ‘जुलाब’. जुलाब घेतात, आणि जुलाब होतातही. घेतात ते रेचक, होते ती हगवण. औषधालाही तेच नाव, विकारालाही तेच! संस्कृत ‘विरेचन’ या शब्दाचीही तीच कथा. मराठीत विरेचन म्हणजे पोट साफ करण्याचा उपाय. तेलुगूत ‘विरेचनालु’ म्हणजे हगवण. नावाची ही सरमिसळ विचारातही उतरते. पोटातली घाण बाहेर पडते आहे, पडू द्या, पाणी देऊ नका, असे म्हणणारे वडीलधारे अजून भेटतात. वस्तुतः हगवणीने मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून घराघरांत पोचायला हवा असा शब्द आहे ‘जलसंजीवनी’. 1 लिटर स्वच्छ पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्याच्या भिंतीतून आत शोषले जाते आणि पाठोपाठ पाणी जाते. हगवण चालू असतानाही हे काम थांबत नाही. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच द्रावण पिंपांतून वाटले आणि असंख्य जीव वाचविले. मात्र मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना, किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर आरोग्य केंद्र गाठायला क्षणाचाही उशीर करू नये.

जुलाबाचा दुसरा धोका आंत्रपुच्छाच्या दाहात. यात दुखणे पुष्कळदा बेंबीपाशी सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. ‘कोठा साफ होऊ द्या’ म्हणून अशा वेळी रेचक दिले, तर सुजलेले आंत्रपुच्छ फुटू शकते. तेव्हा ‘पोट दुखतं’ एवढ्यावर न थांबता कोठे सुरू झाले, कोठे सरकले, केव्हापासून, हे सांगायची सवय लावली पाहिजे.

‘पित्ता’ची तऱ्हाही तशीच. घशाशी आंबट आले की पित्त झाले, अंगावर गांधी उठल्या की पित्त उठले, माणूस रागावला की पित्त खवळले! शास्त्राच्या भाषेत पित्त हा यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. घशाशी येते ते बहुधा जठरातले आम्ल, आणि गांधी हा त्वचेचा प्रकार. कावीळ हे नाव ‘कामला’ या संस्कृत शब्दावरून आले. तेलुगूतले ‘कामेर्लु’ त्याचेच भावंड. पण कावीळ हा एकच रोग नव्हे, ते लक्षण आहे. यकृताला सूज आली, पित्ताची वाट अडली, किंवा पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलसारख्या आजारात रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागल्या, तरी डोळे पिवळे होतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते, आणि श्रेय मात्र मंत्राला मिळते. दुसऱ्या कारणाची असली, तर मंत्रात गेलेले दिवस परत येत नाहीत.

शब्द कसे घसरत जातात याचे एक उदाहरण देतो. आपल्या ‘मोडशी’ या शब्दाचे पोर्तुगीजांनी गोव्यात ‘मोर्देशीं’ केले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचे, म्हणजे पटकीचे, वर्णन केले आहे. पुढे फ्रेंचांनी त्याच शब्दाचा ‘मोर-द-शियँ’ केला, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’! आणि आपल्याकडे मोडशी म्हणजे कोणी साधे अजीर्णही समजतो.

मग लोकांचे शब्द टाकून द्यायचे काय? मुळीच नाही. ‘बद्धकोष्ठ’ हा भारदस्त शब्द ऐकून माणूस बिचकतो. पण कोष्ठ म्हणजे आपला कोठा आणि बद्ध म्हणजे बांधलेला, एवढे सांगितले की तो घरचाच होतो. 1960 साली स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे कोश तयार केले. पण कोशातला शब्द आणि चुलीजवळचा शब्द यांची गाठ घालून देणारा माणूस गावात लागतो, आणि तो बहुधा शिक्षकच असतो. शिक्षकांनो, फळ्यावर पोटाचे चित्र काढा. प्रत्येक भागापुढे शास्त्रातले नाव, मराठी घरातले नाव, आणि मुले सांगतील ते तेलुगू व गोंडी नाव लिहा. आशाताईंनाही त्या दिवशी बोलवा. मुले ती नावे घरी नेतील. आजी आजारी पडली आणि डॉक्टरांना सांगायची वेळ आली, तर ‘पोट दुखतं’ एवढ्यावर न थांबता कोठे आणि केव्हापासून, हे सांगणारे एक तरी माणूस त्या घरात असेल.