२०१६-१७ आय-लीग

२०१६-१७ आय-लीग हा भारतातील राष्ट्रीय व्यावसायिक फुटबॉल साखळी स्पर्धेचा दहावा हंगाम होता. ७ जानेवारी ते ३० एप्रिल २०१७ या काळात तो खेळला गेला. मिझोरमच्या ऐझॉल फुटबॉल क्लबने ३७ गुणांसह विजेतेपद मिळवले, तर कोलकात्याचा मोहन बागान ३६ गुणांसह उपविजेता ठरला. १९९६ साली सुरू झालेली राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि २००७ पासून तिची जागा घेणारी आय-लीग, या दोन्हींचा एकत्रित विचार करता ईशान्य भारतातील क्लबने राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. विशेष म्हणजे आदल्या हंगामात हाच क्लब पदावनत झाला होता.

पार्श्वभूमी

२०१५-१६ च्या हंगामात नऊ संघ होते. पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स नवव्या, तर ऐझॉल आठव्या स्थानी राहिला. शिवाजीयन्सला थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळे पदावनतीपासून संरक्षण होते. परिणामी शेवटून दुसरा असूनही ऐझॉललाच खालच्या श्रेणीत जावे लागले. त्याच वर्षी या संघाने फेडरेशन चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली होती. तेथे मोहन बागानने त्याचा ५-० असा पराभव केला.

२०१६ च्या उन्हाळ्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशांतर्गत स्पर्धांच्या पुनर्रचनेचा प्रस्ताव मांडला. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला सर्वोच्च स्थान द्यावे आणि आय-लीग तिच्याखाली आणावी, असे त्याचे स्वरूप होते. वरच्या स्पर्धेत मैदानावरील कामगिरीच्या बळावर प्रवेश मिळण्याची सोय त्यात नव्हती. याचा निषेध म्हणून गोव्यातील धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून माघार घेतली. आय-लीगची पहिली सहाही विजेतेपदे गोव्याच्या क्लबांकडे गेली होती: धेंपो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा आणि साळगावकर एकदा. हे लक्षात घेता या माघारीने झालेली हानी मोठी होती. मात्र रिकाम्या झालेल्या जागांमुळे ऐझॉलला पुन्हा प्रवेश मिळाला.

सहभागी संघ व स्पर्धेचे स्वरूप

या हंगामात दहा संघ होते: ऐझॉल, मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू एफसी, शिलाँग लाजोंग, चर्चिल ब्रदर्स, डीएसके शिवाजीयन्स, मुंबई एफसी, मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी. शेवटचे दोन संघ प्रथमच सहभागी झाले, तर चर्चिल ब्रदर्सचे स्पर्धेत पुनरागमन झाले. बेंगळुरू एफसी गतविजेता होता.

प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी दोनदा खेळला, एकदा स्वतःच्या मैदानावर व एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. अशा रीतीने प्रत्येकाच्या वाट्याला १८ सामने आले आणि एकूण ९० सामने झाले. विजयास तीन आणि बरोबरीस एक गुण होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये होणाऱ्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानाचे नूतनीकरण सुरू होते. त्यामुळे तेथील दोन्ही मोठे क्लब रवींद्र सरोवर व बारासात येथील मैदानांवर खेळले.

ऐझॉलची वाटचाल

ऐझॉलने प्रशिक्षकपदाची जबाबदारी खालिद जमील यांच्याकडे सोपवली. भारताकडून खेळलेले जमील त्याआधी अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता हेही ऐझॉल संघात आले. गोव्याचा अल्बिनो गोम्स गोलरक्षक होता. सीरियाचा महमूद अल-अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान यांनी मधली फळी सांभाळली. त्यांच्या जोडीला स्थानिक मिझो खेळाडू होते. मोठ्या उद्योगसमूहाचे पाठबळ नसलेल्या या क्लबकडून हंगामाच्या आरंभी विजेतेपदाची अपेक्षा कोणी फारशी केली नव्हती.

दोन फेऱ्या शिल्लक असताना ऐझॉल व मोहन बागान यांचे प्रत्येकी ३३ गुण होते. २२ एप्रिल रोजी ऐझॉल येथील राजीव गांधी मैदानावर हे दोन संघ समोरासमोर आले. उत्तरार्धाच्या अखेरच्या टप्प्यात बचावपटू झोहमिंगलियाना राल्टेने डोक्याने मारलेल्या गोलमुळे यजमानांनी सामना १-० असा जिंकला.

अखेरचा दिवस

३० एप्रिल रोजी ऐझॉलला विजेतेपदासाठी केवळ एका गुणाची गरज होती. शिलाँग येथे लाजोंगविरुद्धच्या सामन्यात असर पिएरिक दिपांडाने पूर्वार्धात यजमानांना आघाडी मिळवून दिली. दिपांडा ११ गोलांसह हंगामातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीविरुद्ध खेळत होता. तो सामना त्याने २-१ असा जिंकला. ऐझॉल पराभूत झाला असता, तर दोन्ही संघांचे गुण समान झाले असते. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरीचा गोल केला, सामना १-१ असा सुटला आणि एका गुणाच्या फरकाने विजेता ठरला.

पहिले चार संघ

१. ऐझॉल – विजय ११, बरोबरी ४, पराभव ३, गुण ३७
२. मोहन बागान – विजय १०, बरोबरी ६, पराभव २, गुण ३६
३. ईस्ट बंगाल – विजय १०, बरोबरी ३, पराभव ५, गुण ३३
४. बेंगळुरू एफसी – विजय ८, बरोबरी ६, पराभव ४, गुण ३०

परिणाम

मुंबई एफसी दहाव्या स्थानी राहून पदावनत झाला. पुढील हंगामात डीएसके शिवाजीयन्सही स्पर्धेत नव्हता. त्यामुळे २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही क्लब उरला नाही. बेंगळुरू एफसी इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला.

पुनर्रचनेचा प्रश्न विजेत्यालाही चुकला नाही. विजेतेपद मिळवूनही क्लबची गणना दुय्यम स्पर्धेत होण्याची शक्यता दिसताच ऐझॉलने जाहीर निषेध नोंदवला. अखेर २०१७-१८ मध्ये दोन्ही स्पर्धा समांतर चालवण्याचे ठरले आणि आय-लीग विजेत्याचा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीतील हक्क कायम राहिला. त्यानुसार जानेवारी २०१८ मध्ये ऐझॉल इराणच्या झोब अहान संघाविरुद्ध खेळला, परंतु पराभूत झाला. २०२२-२३ पासून इंडियन सुपर लीग ही अधिकृतपणे सर्वोच्च स्पर्धा आणि आय-लीग द्वितीय श्रेणीची स्पर्धा झाली. त्यानंतर आय-लीग विजेत्याला वरच्या श्रेणीत बढती मिळण्याचा मार्ग खुला झाला. ज्या मागणीसाठी गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली होती, तिची दखल अशा प्रकारे काही वर्षांनी घेतली गेली.