मर्मर

गाणे कानी पडावे, पण त्याचे शब्द हाती लागू नयेत, अशी तबकडी बाजारात आणण्याचे धाडस कोणी करील काय? अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावी चार तरुणांनी ते केले. गायक मायकेल स्टाइप, गिटारवादक पीटर बक, बेस गिटार वाजविणारा माइक मिल्स व ड्रमवादक बिल बेरी. बक तबकड्यांच्या दुकानात नोकरीस होता; स्टाइपशी त्याची ओळख तेथलीच. एप्रिल १९८० मध्ये, उपासना बंद पडलेल्या एका जुन्या चर्चमध्ये 'आर. ई. एम.' या वृंदाने पहिल्यांदा आपली कला सादर केली.

एप्रिल १९८३ मध्ये त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली. तिचे नाव 'मर्मर'. मराठी कानाला हे नाव परके वाटू नये. सुकलेल्या पानांच्या सळसळीला आपणही मर्मरच म्हणतो.

त्या काळी सिंथेसायझरच्या चकचकीत नादाची चलती होती. कंपनीने आधी नेमलेल्या निर्मात्याने एक गाणे पुनःपुन्हा वाजवून घेतले, वर सिंथेसायझरची पुटेही चढविली. चौघे कंटाळले. शेवटी मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या ओळखीच्या वातावरणातल्या जोडीकडे काम आले. शार्लट शहरातील स्टुडिओत लाजाळू स्टाइप जिन्याजवळच्या अंधाऱ्या जागेत उभा राहून गायिला. त्याचा आवाज गिटारच्या झंकारात अर्धा बुडालेलाच ठेवला गेला. शब्द नाहीत असे नव्हे. ते आहेत, पण धुक्यातून दिसणाऱ्या झाडांसारखे.

मग लोकांनी ते ऐकले कसे? ख्याल ऐकताना बंदिशीचे बोल नीट कळले नाहीत म्हणून आपल्याकडचा रसिक बैठक सोडून जात नाही. भाव स्वरातून पोचतो. येथेही तसेच घडले. मोठ्या नभोवाणी केंद्रांनी फारशी दखल घेतली नाही, परंतु महाविद्यालयांची विद्यार्थ्यांनी चालविलेली केंद्रे गाणी लावीत राहिली. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी तर त्या वर्षीची सर्वोत्तम तबकडी म्हणून, मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'लाही मागे सारून, 'मर्मर'ची निवड केली. खप मात्र वर्षअखेर सुमारे दोन लाखांवरच थांबला. 'बिलबोर्ड'च्या यादीतील तिचे सर्वोच्च स्थान ३६ वे.

अस्पष्टता हाच गुण मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. १९८६ च्या तबकडीच्या वेळी डॉन गेहमन या निर्मात्याने शब्द स्पष्ट उच्चारण्याचा आग्रह धरला; स्टाइपने तो मानला आणि श्रोतृवर्ग वाढला. पुढे 'मर्मर'च्या पाच लाख प्रती खपल्याची नोंद झाली, ती १९९१ मध्ये.