ठोसा कुणाचा भारी?

सुट्टीत वाशीमला गेलो की आमचा कट्टा जमतोच, आणि कट्टा जमला की वाद. यंदाचा विषय : जगात सगळ्यात जबरी ठोसा कुणाचा? निमित्त आनंदमेळ्यातलं ते मशीन. पैसे भरा, लाल चेंडू खाली येतो, हाणा, वर आकडा झळकतो. माझा आकडा विचारू नका. दिवसभर एसीत माऊस धरणाऱ्या हाताकडून आणखी काय अपेक्षा!

एक मित्र टायसनवाला. १९८६ मध्ये अवघ्या विसाव्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन, ५० विजयांत ४४ नॉकआउट. दुसरा फोरमनवाला. ७६ विजय, ६८ नॉकआउट, वर १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा चॅम्पियन. पण बॉस, नॉकआउटचा आकडा म्हणजे ठोशाचं वजन नव्हे. समोर कोण होतं, किती दमलं होतं, हे त्यात येतच नाही. १९७४ मध्ये किन्शासात फोरमन हाणत राहिला, महंमद अली दोरांना टेकून झेलत राहिला आणि आठव्या राउंडला फोरमनच आडवा!

प्रत्यक्ष मोजलेला ठोसाही आहे. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तिथल्याच फ्रँक ब्रुनोचा पंच मोजला. वेग ताशी ३२ किलोमीटर, जोर ४०९६ न्यूटन. म्हणजे गादी लावलेला सहा किलोचा लाकडी हातोडा त्या वेगाने येऊन बसावा, तसा.

हे सगळं माझी मामेबहीण शांतपणे ऐकत होती. ती अकोल्याला राहून बॉक्सिंग करते, वजन जेमतेम ५० किलो. मशीनवर तिचा आकडा टायसनवाल्यापेक्षा कमी आला, तेव्हा त्याने लगेच कॉलर ताठ केली. ती म्हणाली, "मशीन बाजूले सरकते काय दादा? समोरची पोरगी सरकते."

क्या बात! आणि पुरावा आपल्याच राज्यात आहे. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला ८१ किलोवरील गटात युवा विश्वविजेती झाली. पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये स्पेनला ५२ किलोत. दोघींच्या वजनात तीसेक किलोंचा फरक, म्हणजे जोर एकसारखा असणं शक्यच नाही. पण फायनलचा निकाल दोघींचाही ५-०. नॉकआउट नाही, पाचही पंचांचा कौल. या बॉक्सिंगमध्ये जोराला वेगळे मार्क नाहीत. नेमका, स्वच्छ ठोसा किती वेळा बसला, हे आधी बघतात.

रात्री जेवताना मी हे सगळं रंगवून सांगत होतो. मामीने पोळी वाढता वाढता मध्येच विचारलं, "जोर कमी असो का जास्त, लागते तर डोक्यालेच ना?"

टेबल गप्प. ब्रुनोच्या त्याच प्रयोगात आणखी एक आकडा होता : ठोसा बसलेल्या नकली डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या ५३ पट झटका. तो मी मामीला सांगितला नाही. बहीणही काही बोलली नाही, भाजी मात्र पुन्हा मागून घेतली.

सकाळी अकोल्याच्या एसटीत ती चढायच्या आधी मामीने तिच्या बॅगेची चेन उघडली. हेडगार्ड आहे ना, हे स्वतः चाचपून पाहिलं आणि त्यावर चिवड्याचा डबा ठेवला.