मांजरासाठीं कुंपण

मांजर पाळणें सोपें आहे. त्याला एका जागीं राखणें कठीण. घराची हद्द कोठें संपते हें ठरविण्याचा अधिकार तें मालकाकडे देत नाहीं. शेजारचें अंगण, पलीकडचा रस्ता, त्यापुढील रान हें सर्व त्याच्या लेखीं एकच असतें. या स्वभावाची किंमत पुष्कळांना द्यावी लागते. मोटारी, भटकीं कुत्रीं आणि परक्या बोक्यांशीं होणाऱ्या मारामाऱ्या यांत तें स्वतः जायबंदी होतें किंवा मरतें. चाव्यांतून रोगही पसरतात. इकडे पांखरें, सरडे आणि लहान जनावरें त्याच्या तोंडीं पडतात. पोटभर दूधभात दिला म्हणजे पारध थांबेल ही समजूत खोटी आहे, कारण मांजराची शिकारीची ओढ भुकेवर अवलंबून नसते.

ऑस्ट्रेलियांत हा प्रश्न विशेष तीव्र झाला. त्या खंडावर मांजर मुळांत नव्हतेंच. १७८८ सालीं इंग्रज वसाहतवाल्यांच्या जहाजांबरोबर तें तेथें पोंचलें, आणि असल्या शिकाऱ्यापासून जीव वांचविण्याची संवय नसलेल्या पशुपक्ष्यांत शिरलें. राजधानी कॅनबेरा शहराच्या कडेला मलिगन्स फ्लॅट नांवाचें राखीव रान आहे. त्याच्याभोंवतीं सुमारें साडेअकरा किलोमीटर लांबीचें कुंपण २००९ सालीं पुरें झालें, आणि २०१२ सालीं टास्मानियाहून आणलेले बेटाँग त्यांत सोडण्यांत आले. बेटाँग म्हणजे सशाएवढा, मागच्या पायांवर उड्या मारणारा, पोटाशीं पिशवी असलेला प्राणी. मुख्य भूमीवरून तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच नाहींसा झाला होता. या रानाला लागून असलेल्या फोर्ड आणि बॉनर या वस्त्यांत मांजर आवाराबाहेर मोकळें सोडण्यास प्रथम बंदी झाली. पुढें, १ जुलै २०२२ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेलें प्रत्येक मांजर मालकाच्या आवारांतच राहिलें पाहिजे, असा नियम साऱ्या कॅनबेरासाठीं करण्यांत आला.

नियम माणसांना कळतो. मांजराला जाळीच लागते. आणि ती जाळी कशी बांधावी हें त्याच्या शरीराच्या घडणीवरून ठरतें.

सहा फूट उंचीची भिंत तरण्या मांजराला अडवूं शकत नाहीं. एका उडींत तें कांठ पकडतें आणि मागच्या पायांच्या रेट्यानें वर येतें. कुंपण फळ्यांचें किंवा तारेचें असेल तर नख्यांना आधार मिळून त्याचें काम आणखीच सोपें होतें. म्हणून उंची वाढवीत जाणें हा निव्वळ पैशाचा नाश आहे. दहा फुटांची जाळीदेखील तें शिडीसारखी चढून जाईल. त्याची अडचण निराळ्याच ठिकाणीं आहे. नख्या आंत वळलेल्या आकड्यांसारख्या असल्यामुळें शरीर वर ओढण्यास त्या उत्तम. परंतु खार जशी मागचे पाय उलटे फिरवून डोकें खालीं करून झाडावरून उतरते, तसें मांजराला साधत नाहीं. तसेंच, चढतां चढतां डोक्यावर वळचणीसारखी पुढें आलेली जाळी आडवी आली, कीं पाठ जमिनीकडे करून लोंबकळत मागें सरकावें लागतें, आणि तेथें तें हरतें. ती जाळी ताठ न ठेवतां किंचित् सैल ठेवली तर पंजा पडतांच ती झुकते. डळमळणाऱ्या आधारावर भरंवसा ठेवण्यास मांजर सहसा तयार होत नाहीं. तें मुकाट्यानें परत फिरतें. दक्षिण ऑस्ट्रेलियांत रॉक्सबी डाउन्स गांवाजवळ १९९७ सालीं सुरू झालेल्या ॲरिड रिकव्हरी या अभयारण्याच्या कुंपणाचा माथा याच तत्त्वानें डुलता ठेवलेला आहे. तेथें मांजराला बाहेर ठेवावयाचें असतें म्हणून तो माथा बाहेर वळविलेला; बागेंत तो आंतल्या बाजूस वळवावयाचा, एवढाच काय तो फरक.

तेव्हां असलेल्या कुंपणाच्या खांबांवर आंतल्या बाजूस कललेले लोखंडी बाक बसवून त्यांवर दीड ते दोन फूट रुंदीची जाळी सोडावी. ती कोठेंही तुटक असतां कामा नये. खालचें टोक जमिनीवर आंतल्या बाजूस फूटभर पसरून दगडमातीनें दाबून टाकावें. फटींविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं जेथें मांजराचें डोकें शिरतें तेथें बहुधा सगळें मांजर शिरतें. त्याच्या गळ्याखालचीं हांसळीचीं हाडें इतर हाडांशीं सांध्यानें जोडलेलीं नसतात, त्यामुळें खांदे सहज आंवळले जातात. फाटकाखालची जागा आणि पाणी जाण्याचें भोंक येथें हीच चूक नेहमीं होते. मुंबई-पुण्याकडे गॅलऱ्यांना कबुतरांसाठीं लावतात ती नायलॉनची बारीक जाळी मांजर दातांनीं तोडूं शकतें; तेथें तारच पाहिजे.

इतका खर्च करूनही एखादें आंब्याचें झाड सगळें व्यर्थ करतें. कुंपणापासून उडीच्या टप्प्यांत असलेली फांदी छाटावी. छाटवत नसेल तर बुंध्याभोंवतीं, मांजराच्या उडीच्या वर, दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. पडवीचें छप्पर, पन्हळ, भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी यांकडेही तशाच संशयानें पाहावें. ज्यांची जागा भाड्याची आहे त्यांना वरूनही बंद असलेली, आंत उंच फळ्या बसविलेली जाळीची खोलीच अधिक सोयीची. उंचावर बसून उन्हांत डोळे मिटण्याची जागा मिळाली तर मांजर पुष्कळशी तक्रार सोडतें.

मांजराच्या गळ्यांत घंटा बांधण्याची उंदरांची योजना माणसांनीं अंमलांत आणून पाहिली आहे. तिनें पारध कांहीं अंशीं कमी होते, थांबत नाहीं, आणि मोटारीपुढें तर घंटेचा कांहींच उपयोग नाहीं. हद्दीपाशीं विजेचा झटका देणारे गळपट्टे ही मात्र केवळ क्रूर युक्ति आहे. कुत्रें पाठीस लागलेलें मांजर झटका सोसून बाहेर पळेल, आणि मग त्याच झटक्याच्या भीतीनें परत येणार नाहीं. वेल्समध्यें २०१० सालापासून असे पट्टे वापरण्यास मनाई आहे, हें योग्यच झालें.

बागेंत काय लाविलें आहे हेंही पाहिलें पाहिजे. खऱ्या लिलीचें पान, फूल, इतकेंच नव्हे तर अंगाला लागून चाटले गेलेले परागसुद्धां मांजराचीं मूत्रपिंडें निकामी करतात; कण्हेरही विषारी आहे. कोंडलेलें मांजर याच थोड्या झाडांशीं दिवसभर चाळा करणार.

पहिल्या दिवसांत मांजराला जेवणाच्या थोडें आधीं बागेंत सोडावें आणि कोणीतरी जवळ थांबावें. तें प्रत्येक कोपरा तपासून पाहील, आणि बांधणाऱ्याच्या नजरेंतून सुटलेली फट तेंच दाखवून देईल. आंत वळलेल्या जाळीचा मात्र एक दोष आहे. बाहेरच्या बोक्याला कुंपणावरून आंत उडी घेतां येते, पण परत जातां येत नाहीं, आणि मग बागेंत दोघांची जुंपते. यासाठीं संध्याकाळीं घरचें मांजर आंत घेऊन दार लावल्यावर एक फेरी मारावी. कोणी अडकलेलें दिसलें तर कुंपणाला एक लांब फळी तिरपी टेकवून माथ्यापलीकडे पोंचवावी, आणि पाहुणा गेल्यावर सकाळीं मांजर सोडण्यापूर्वीं ती न विसरतां काढून घ्यावी.